एकाच तारखेचे वाढदिवसवाले: लेखक, विनोदी लोक, विचारवंत आणि त्यांची वाक्यं (मदत पाहिजे)

मंजू_प्रतापनगर
नमस्कार मंडळी. नागपुरात आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे, त्यावर "आजचं वाक्य" लिहायचं काम सध्या माझ्याकडे आलंय. आधी कोणीही काहीही लिहायचं, मेहनत-यश-पणती-वादळ छाप, म्हणून मी एक नियम केला की ज्याचं वाक्य त्याचा त्या दिवशी वाढदिवस पाहिजे, आणि जमलं तर एकाच तारखेचे दोन-तीन जण शेजारीशेजारी लिहायचे. मजा अशी झाली की लोक थांबून वाचायला लागले, एकटं वाक्य कोणी बघत नाही पण दोन वाक्यं एकमेकांशी भांडत असली की चपला घालता घालता वाचतात.

१६ एप्रिलचा फळा सगळ्यात गाजला. अनातोल फ्रान्स (१८४४), चार्ली चॅप्लिन (१८८९), स्पाईक मिलिगन (१९१८), पीटर उस्तिनोव (१९२१), सगळे एकाच तारखेचे! एक नोबेलवाला कादंबरीकार आणि तीन हसवणारे. फ्रान्सचं ते १८९४ च्या कादंबरीतलं लिहिलं होतं, की कायदा बघा किती थोर, सगळ्यांना समान, पुलाखाली झोपायला, रस्त्यात भीक मागायला आणि पाव चोरायला तो श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच मनाई करतो. समोरच्या स्टँडवरच्या ऑटोवाल्या दादांनी फोटो काढला आणि विचारलं, मॅडम हे आपल्या उड्डाणपुलाबद्दल आहे का? आता सांगा, पॅरिसच्या माणसाला याहून काय पाहिजे.

तर अशा तारखा सुचवा. अट एकच, वाक्य कुठून आलं ते सांगायचं. पुस्तक, भाषण, मुलाखत, काहीही चालेल. "आमच्या ग्रुपवर आलं होतं" चालणार नाही.

बर्डीचा_बब्या
ताई, चॅप्लिनचं लिहून रायल्या तं जरा जपून बरं. त्या माणसाच्या नावावर जेवढं खपते तेवढं त्यानं जन्मात बोललं नसंन, मूकपट करे ना बाप्पा तो! "मी स्वतःवर प्रेम करायला लागलो तेव्हा" वाली कविता पाहिली असंन तुमी, त्याच्यावर तारीख पण पक्की टाकतेत, सत्तरावा वाढदिवस, १६ एप्रिल १९५९. ते किम मॅकमिलन नावाच्या बाईच्या पुस्तकातलं हाय, पुस्तक बाजारात आलं २००१ मंधी, चॅप्लिन गेला १९७७ ले. अन् "ज्या दिवशी हसलो नाही तो दिवस वाया" हे शांफोर नावाच्या फ्रेंच माणसाचं, अठराव्या शतकातलं.

मंजू_प्रतापनगर
अरे देवा. मग चॅप्लिनचं लिहू काय? आमच्याकडे "पावसात चालतो म्हणजे रडताना दिसत नाही" याचे फॅन आहेत, त्यांच्यासमोर उभं राहायचंय मला.

गणित_मास्तर
मंजूताई, सरळ 'द ग्रेट डिक्टेटर' च्या शेवटच्या भाषणातलं घ्या. १९४० चा सिनेमा, भाषण त्यानेच लिहिलेलं आणि त्याच्याच तोंडी आहे, कोणी काही म्हणू शकत नाही. "आपण विचार फार करतो आणि आपल्याला जाणवतं फार कमी. यंत्रांपेक्षा माणुसकीची गरज जास्त आहे." आयुष्यभर न बोलून पोट भरलेला माणूस बोलायला उभा राहतो आणि मग थांबतच नाही, त्या भाषणाची तीच गंमत. काही समीक्षकांना ते फार लांबलं असं तेव्हाही वाटलं होतं, मला अजूनही वाटतं, पण वाक्य पक्कं आहे.

नगरकर_सुहास
मिलिगन आमचा बरं का! अहमदनगरचा जन्म (आता अहिल्यानगर म्हणा), बाप ब्रिटिश सैन्यात, बालपण पुण्यात आणि मग रंगूनला. आमच्या गावात दहा जणांना विचारा, नऊ म्हणतील कोण मिलिगन. बीबीसी रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम 'द गून शो' त्याने लिहिला, पुढे माँटी पायथन या विनोदी मंडळातले लोक त्याला गुरू मानायचे.

त्याचं वाक्य म्हणजे थडग्यावरचंच घ्या: "मी सांगितलं होतं ना तुम्हाला, मला बरं नाहीये." २००२ मध्ये गेला, पण चर्चवाले थडग्यावर असलं इंग्रजीत लिहू देईनात, मग घरच्यांनी आयरिश भाषेत कोरून घेतलं, म्हणजे साहेबाची पण मर्जी राहिली आणि स्पाईकची पण. विंचेल्सी गावात आहे तो दगड. जाता जाता, तो गेला ती तारीख २७ फेब्रुवारी, म्हणजे आपला मराठी भाषा दिन. योगायोगच, पण नगरच्या माणसाला शोभतो.

धरमपेठ_काकू
उस्तिनोवचं मला कायम एकच आठवतं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिराजी घरातून निघाल्या त्या यालाच मुलाखत द्यायला. हा कॅमेरा लावून बागेत बसलेला आणि गोळ्यांचा आवाज आला. माणूस जन्मभर लोकांना हसवतो आणि त्याच्या नशिबी साक्षीला काय येतं बघा. "विनोद म्हणजे गंभीर होण्याची गमतीदार पद्धत" हे त्याच्या नावावर सांगतात, ते लिहिलंस तर खाली ही १९८४ ची ओळ पण लिही गं, मग त्या वाक्याला वजन येतं.

गणित_मास्तर
आता माझी तारीख. ३० नोव्हेंबर. यापेक्षा भारी तारीख असेल तर मी वाचनालयाला कपाट देईन. (स्टीलचं. लाकडाचं म्हणालो नाही.)

जोनाथन स्विफ्ट १६६७, मार्क ट्वेन १८३५, विन्स्टन चर्चिल १८७४. आणि आपले जगदीशचंद्र बोस १८५८, त्यांच्यावर कोणीतरी लिहाच.

गंमत काय आहे ऐका. "सत्य बूट घालेपर्यंत खोटं अर्धं जग फिरून येतं" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. अर्धे लोक म्हणतात ट्वेनचं, अर्धे म्हणतात चर्चिलचं, चर्चिलवाल्या आवृत्तीत बुटांच्या जागी पँट असते. ट्वेनच्या लिखाणात ते नाही, तो गेल्यावर काही वर्षांनी त्याच्या नावाने छापायला लागले. स्पर्जन नावाच्या लंडनच्या धर्मोपदेशकाने ट्वेन अजून पोरगेला होता तेव्हाच ते जुनी म्हण म्हणून प्रवचनात वापरलं होतं. आणि त्याच्याही मागे जात गेलात की कोण भेटतो? स्विफ्ट! १७१० च्या नोव्हेंबरमध्ये 'एक्झामिनर' नावाच्या साप्ताहिकात त्याने लिहिलं की खोटं उडत जातं आणि सत्य मागून लंगडत येतं, म्हणजे लोकांचे डोळे उघडेपर्यंत उशीर झालेला असतो, थट्टा संपलेली असते आणि कहाणीने आपलं काम करून टाकलेलं असतं.

म्हणजे एका माणसाचं वाक्य दोघांच्या नावावर गेलं आणि तिघंही एकाच तारखेला जन्मलेले! खोट्यावरचं वाक्य, आणि तेच खोट्या नावाने जगभर फिरलं. शाळेत असतो तर एक तास यावरच घेतला असता, पोर्शन गेला तेल लावत.

ट्वेनचं स्वतःचं पाहिजे असेल तर तोटा नाही. त्याने १८९७ च्या 'फॉलोइंग द इक्वेटर' मध्ये प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक वाक्य टाकलंय आणि ते म्हणे एका पुडनहेड विल्सनच्या कॅलेंडरमधलं. म्हणजे हा फळ्याचा धंदा त्याने तुमच्या आधी केलाय. वाचनालयासाठी त्यातलंच घ्या: "अभिजात पुस्तक म्हणजे ज्याची लोक स्तुती करतात आणि जे वाचत नाहीत." याच पुस्तकात त्याची १८९६ ची भारतवारी आहे, मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला होता.

टवाळ_पोट्टा
हसून हसून पुरेवाट, मास्तर! "स्तुती करतात आणि वाचत नाहीत" हे वाचनालयाच्या दारावर लिहिलं तर मेंबर फी परत मागतील ना बे.

तिथीवाला
मास्तर, कपाटाची तयारी करा. १६६७ साली डब्लिनमध्ये ज्युलियन कॅलेंडर चालू होतं. इंग्रजांनी नवं कॅलेंडर घेतलं १७५२ मध्ये. सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचा फरक, म्हणजे आजच्या हिशेबाने स्विफ्टचा जन्म १० डिसेंबरचा. तुमच्या तिघांतला एक गेला.

गणित_मास्तर
तिथीवाले, त्याच्या आईने ज्या कॅलेंडरवर तारीख पाहिली तीच त्याची तारीख. आपण गांधीजयंती २ ऑक्टोबरला करतो आणि रामनवमी तिथीने करतो, कोणाचं बिघडलं का? स्विफ्टच्या हयातीत तो ३० नोव्हेंबरचाच होता. कपाट माझ्याकडेच राहील.

इंदोरावाला
मला चर्चिल फळ्यावर नको. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेने मेली तेव्हा पंतप्रधान हाच होता. त्याचं चटकदार वाक्य लिहून पोरांना काय सांगणार, की बोलायला गोड होता म्हणून? बाकी धागा मस्त चाललाय पण हे बोलल्याशिवाय राहवलं नाही.

मंजू_प्रतापनगर
बरोबर आहे दादा तुमचं, पण मला त्याला गाळायचा पण नाहीये. मी असं करते, स्विफ्ट वर आणि चर्चिल खाली. स्विफ्टने १७२९ मध्ये 'अ मॉडेस्ट प्रपोजल' लिहिलं ते आयर्लंडच्या उपासमारीवरच ना, इंग्रज जमीनदारांना सुचवलं की गरिबांची पोरंच खा आता, तसंही आईबापांना तुम्ही खाल्लंच आहे. ते वर असलं आणि खाली चर्चिल, शेजारी १९४३. कोणाला काय कळायचं ते कळेल.

गणित_मास्तर
उत्तम. आणि चर्चिलचं ते लोकशाहीवालं घ्या, "बाकी सगळे प्रकार सोडले तर लोकशाही हा सगळ्यात वाईट राज्यकारभार." ११ नोव्हेंबर १९४७, ब्रिटिश संसदेतलं भाषण. त्यात तो स्वतःच म्हणतो की "असं म्हटलं गेलंय". म्हणजे हे पण दुसऱ्याचंच, फक्त इथे त्याने कबूल केलंय. आणि साल बघा, निवडणूक हरून विरोधी बाकावर बसलेला असताना.

धरमपेठ_काकू
जगदीशचंद्रांवर मी लिहिते, शाळेत बंगाली बाई होत्या आम्हाला, त्यांच्यामुळे माहीत. हा माणूस फक्त झाडांना भावना असतात वाला नाही. १८९६ मध्ये त्यांनी बंगालीत एक विज्ञानकथा लिहिली, 'निरुद्देशेर काहिनी'. कोलकात्यावर मोठं वादळ येणार असं हवामानखातं सांगतं आणि वादळ येतच नाही, गायब! शास्त्रज्ञ डोकं फोडून घेतात. आणि खरं काय, तर बोटीवर एका टकल्या माणसाने केसांच्या तेलाची बाटली खवळलेल्या समुद्रात ओतलेली असते, म्हणून वादळ बसलं. आणि कथा कुठे पाठवली तर 'कुंतलीन' नावाच्या केसतेलाच्या कंपनीची स्पर्धा होती तिथे, गोष्टीत तेल आलं पाहिजे ही अट. बक्षीस पण मिळालं. रेडिओलहरींवर प्रयोग चालू आहेत आणि हा गृहस्थ तेलाच्या जाहिरातीत कथा लिहितोय! ट्वेनच्या शेजारी अगदी शोभतो की नाही सांगा.

बर्डीचा_बब्या
काकू, नागपूरच्या मे महिन्यावर पण एखादी बाटली ओता ना.

इंदोरावाला
आता १४ एप्रिल माझ्याकडून. बाबासाहेब, १८९१. याच तारखेला इतिहासकार आर्नल्ड टॉयन्बी (१८८९) पण आहे, पाहिजे तर त्याला खालच्या कोपऱ्यात द्या.

वाक्य सगळ्यांना माहीत आहे, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. आमच्या इंदोरा वस्तीत प्रत्येक गल्लीत रंगवलेलं आहे. पण हे आपल्या नागपूरच्या भाषणात आहे हे नागपूरच्याच किती लोकांना माहीत आहे? जुलै १९४२, ऑल इंडिया डिप्रेस्ड क्लासेस कॉन्फरन्स, हजारो माणसं, आणि भाषणाच्या शेवटी बाबासाहेब म्हणाले की माझा तुम्हाला शेवटचा सल्ला हा. घोषणा म्हणून ते शब्द आधीपासून होतेच, पण या भाषणात त्याच्या पुढे जे आहे ते कोणी रंगवत नाही. स्वतःवर विश्वास ठेवा म्हणाले. न्याय आपल्या बाजूला असताना आपण हरूच कसे म्हणाले. आणि मग: ही लढाई संपत्तीसाठी नाही, सत्तेसाठी नाही, ही स्वातंत्र्याची लढाई आहे, माणसाचं माणूसपण परत मिळवायची लढाई आहे.

तीन शब्द भिंतीवर मावतात म्हणून राहिले. ताई, तुमचा फळा मोठा असेल तर पुढचं सगळं लिहा. आणि खाली "नागपूर, १९४२" नक्की लिहा. १४ वर्षांनी दीक्षा पण याच गावात झाली.

मंजू_प्रतापनगर
फळा मोठा नाही पण त्या दिवशी बाकी काही लिहायचं नाही, टॉयन्बीला सुट्टी. धन्यवाद दादा, हे खरंच माहीत नव्हतं.

बर्डीचा_बब्या
मी ३० एप्रिल देतो. आपले तुकडोजी महाराज (१९०९, यावली, जिल्हा अमरावती), दादासाहेब फाळके (१८७०), अन् कोण म्हणान तं कार्ल फ्रीडरिश गाउस (१७७७)! नागपूर विद्यापीठाच्या डिग्रीवर ज्याचं नाव हाय तो अन् गणिताच्या पुस्तकात ज्याचं नाव हाय तो, दोघं एकाच दिवशीचे, पोट्ट्यांले दोन्हीकडून मार.

महाराजांचं वाक्य तं खंजिरी वाजल्यासारखं कानात हाय: "देव बाजारचा भाजीपाला नाही." दगडाच्या देवाले वडाराचं भेव, मातीच्या देवाले पाण्याचं भेव. माह्या आजीले ते भजन अख्खं पाठ होतं अन् ती नवस पण करे, दोन्ही. याले म्हणतेत समाजसुधारणा वऱ्हाडी माणसानं करावी, हासत हासत टाळकं फोडते अन् समोरचा टाळ्या देते.

गाउसचं ब्रीद होतं लॅटिनमंधी, थोडं पण पिकलेलं. शिक्क्यावर झाड अन् त्याले मोजकीच फळं. म्हणून त्यानं कितीतरी शोध छापलेच नाही, वहीतच ठेवले, अन् मग दुसऱ्यानं छापलं का म्हणे हे तं मले पयलेच माहीत होतं.

गणित_मास्तर
बब्या, शेवटचं एकदम खरं. बोयाई नावाच्या पोराने नवी भूमिती मांडली आणि गाउसने त्याच्या बापाला कळवलं की मी याची स्तुती केली तर माझीच केल्यासारखं होईल, कारण हे सगळं मी आधीच करून बसलोय. पोरगा खचला. पिकेपर्यंत थांबायचं ठीक आहे हो, पण दुसऱ्याने तोडलं तर रडायचं नाही.

खामगावची_लेक
सगळे इंग्लंड-फ्रान्स फिरून आले आणि नागपूरचा माणूस राहिलाच! २९ जून. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, १८७१, जन्म नागपूरचा. मराठी विनोदाचे जनक म्हणतात त्यांना. आमच्या खामगावला आणि पुढे जळगाव जामोदला वकिली केली, म्हणून माहेरचा माणूस. नाटककार राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानायचे, आणि ते गडकरी गेले कुठे तर आपल्या सावनेरला, १९१९ मध्ये. मराठी विनोदाचा सुरुवातीचा अर्धा नकाशा विदर्भात आहे आणि आपण पुण्याकडे तोंड करून बसलेलो असतो.

'सुदाम्याचे पोहे' वाचा. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे तिघं गावातल्या एकेका रूढीच्या मागे लागतात, स्वयंवर म्हणू नका शिमगा म्हणू नका, आणि लेखक स्वतः शहाणपणा न शिकवता त्यांच्या वेडेपणाने रूढीचा फजितवाडा करतो. सुरुवातीचा एक लेख 'साक्षीदार', कोर्टात साक्षीदार कसे बनतात त्यावर. वकील माणूस, रोज बघत असणार. या धाग्यावर कोण कोणाच्या नावावर काय खपवतं चाललंय ते पाहून मला तोच आठवला.

आता त्याच तारखेचे बाकी दोघं बघा. प्रशांतचंद्र महालनोबिस, १८९३, भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक, २००७ पासून २९ जून हा देशाचा सांख्यिकी दिन आहे तो त्यांच्यामुळे. आणि आंत्वान द सेंत-एक्झुपेरी, १९००, 'द लिटल प्रिन्स' वाला. विनोदी लेखक, आकडेवाला, आणि लहान मुलांचा वैमानिक लेखक.

काय जुळतं सांगू? 'लिटल प्रिन्स' मध्ये तो म्हणतो की मोठ्या माणसांना आकडे फार आवडतात. त्यांना सांगा गुलाबी विटांचं घर आहे, खिडकीत फुलं, छपरावर कबुतरं, त्यांना काही दिसत नाही. सांगा एक लाख फ्रँकचं घर, की लगेच अय्या किती सुंदर! (आमच्या नात्यात मनीषनगरच्या फ्लॅटबद्दल अगदी असंच बोलणं होतं, फ्रँक सोडून.) त्यातच एक धंदेवाला आहे जो तारे मोजतो, ५० कोटी १६ लाख २२ हजार ७३१, आणि म्हणतो हे माझे. आता सांख्यिकी दिनालाच आकड्यांची थट्टा करणारा जन्मावा! पण महालनोबिसांनाही उगाच मोजणं नको होतं, आकडेवारीला हेतू पाहिजे असं ते सांगत राहिले, ज्ञान वाढावं आणि माणसाचं भलं व्हावं. बंगालात तागाचं पीक किती येणार ते सगळी शेतं न मोजता नमुन्यावरून काढून दाखवलं त्यांनी, तिथून पुढे राष्ट्रीय नमुना पाहणी आली.

आणि आमचे विनोदी कोल्हटकर? त्यांनी 'भारतीय ज्योतिर्गणित' नावाचा ग्रंथ लिहिलाय. ग्रहगणितावर! लोकांना वाटतं विनोदी लेखक म्हणजे बसल्या बसल्या टवाळी करणारा, हा माणूस रात्री ग्रहांची आकडेमोड करत होता. म्हणजे तिघांच्याही फळ्यावर आकाश आणि हिशेब.

कोल्हटकरांचं वाक्य मात्र सगळ्यांना पाठ आहे, कोणाचं ते ठाऊक नसतं. "बहु असोत सुंदर संपन्न की महा, प्रिय अमुचा एक महाराष्ट्र देश हा."

टवाळ_पोट्टा
थांबा थांबा. ते कोल्हटकर नागपूरचे. आणि "जय जय महाराष्ट्र माझा" वाले राजा बढे पण नागपूरचेच ना, १९१२ चा जन्म? २०२३ मध्ये राज्यगीत झालं ते. म्हणजे महाराष्ट्राची दोन्ही गाणी नागपूरच्या माणसांनी लिहून दिली, आणि आपण वेगळा विदर्भ मागून रायलो. गाणी घेऊन जायची का ठेवून जायची?

बर्डीचा_बब्या
झालं. आता धाग्याचं काश्मीर होते पाहा. सुदाम्याचे पोहे सोडा, तर्री पोहे खाऊन या सगळे अन् थंड व्हा.

खामगावची_लेक
गाणी त्यांच्याकडेच राहू द्या, रॉयल्टी घेऊ. आणि राजकारण वेगळ्या धाग्यावर.

टवाळ_पोट्टा
माझ्याकडून १३ ऑगस्ट: आचार्य अत्रे १८९८ आणि सिनेमावाला हिचकॉक १८९९. हिचकॉक म्हणतो नाटक म्हणजे कंटाळवाणे तुकडे कापून टाकलेलं आयुष्य. अत्रे म्हणतील असं वाक्य गेल्या दहा हजार वर्षांत झालं नाही. संपला फळा.

नगरकर_सुहास
एक छोटी. २ मार्च १९३१, तारीखच नाही सालही एक: वक्ते राम शेवाळकर, अचलपूर, आणि सोव्हिएत संघाचा मिखाईल गोर्बाचेव्ह. एकाने बोलून सभा जिंकल्या, दुसऱ्याने लोकांना बोलू दिलं आणि देश गेला.

धरमपेठ_काकू
सुहास, शेवाळकरांना ज्ञानेश्वरीवर तासन् तास बोलताना ऐकलंय मी, समोर कागद नाही, पाण्याचा पेला तसाच. लोक रिक्षा थांबवून ठेवायचे. त्यांच्यात एक वाक्य काढणं म्हणजे कठीण काम, तो माणूस वाक्यात सापडायचा नाही.

पण मंजू, मघापासून मोजतेय, या धाग्यावर वाढदिवस फक्त पुरुषांनाच येतो का गं? माझ्याकडून २४ ऑगस्ट घे. बहिणाबाई चौधरी १८८० आणि अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस १८९९. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, ओव्या तोंडी, पोराने सोपानदेवांनी कागदावर उतरवल्या. बोर्हेसचे डोळे गेले, नेमके राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला त्याच सुमारास, १९५५, मग तो पण तोंडी सांगायचा आणि आई लिहून घ्यायची. तो कवितेत म्हणतो की मी स्वर्गाची कल्पना ग्रंथालयासारखी करत आलोय. आणि आमची बहिणाई म्हणते आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर. लाव दोन्ही शेजारी वाचनालयाच्या दारात.

तिथीवाला
काकू, वाईट वाटून घेऊ नका. २४ ऑगस्ट बऱ्याच ठिकाणी छापतात, पण ११ ऑगस्ट पण छापतात, आणि बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीचा सांगतात. १८८० च्या श्रावणातली अमावास्या मागे मोजत गेलात तर नागपंचमी येते १०-११ ऑगस्टच्या आसपास. २४ ला कृष्णपक्ष लागलेला असतो, तेव्हा नागपंचमी कशी येईल. ११ च धरा.

धरमपेठ_काकू
अरे तुला दुसरा उद्योग नाही का रे? एवढी छान जोडी मोडलीस.

मंजू_प्रतापनगर
काकू, मोडली नाही. बोर्हेस २४ लाच राहील, आणि त्याच्या खाली मी लिहीन की याच महिन्यात बहिणाबाईंचा पण. नियम माझाच आहे, थोडा वाकवता येतो. आणि ११ ऑगस्टला कोण आहे माहितीये? एनिड ब्लायटन, १८९७. आमच्या वाचनालयात फेमस फाइव्ह साठी पोट्टे भांडतात, त्यांच्यासमोर बहिणाबाई ठेवायला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही.

तिथीवाला
भरपाई म्हणून एक देतो. २९ फेब्रुवारी. मोरारजी देसाई १८९६ आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल १९०४, भरतनाट्यमच्या, कलाक्षेत्र ही संस्था काढणाऱ्या. १९७७ मध्ये मोरारजी पंतप्रधान झाले आणि त्यांनी रुक्मिणीदेवींना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं. दोघंही चार वर्षांनी एकदा वाढदिवस येणारे. त्या नाही म्हणाल्या. ही तारीख इंग्रजी कॅलेंडरचीच आहे, तेव्हा माझ्याकडून हरकत नाही.

बर्डीचा_बब्या
मंजूताई, २०२८ पर्यंत खडू जपून ठेवा. अन् मास्तर, कपाट कधी पाठवून रायले?